२५ हजारांत घरचा सर्व्हर आणि नेटवर्क (ठाणे): काय घ्यावं, काय टाळावं?

बारावा मजला | घोडबंदर रोड, ठाणे

मंडळी, २५,००० रुपयांच्या आत घरात कायम चालू राहील असा छोटा सर्व्हर बसवायचा आहे. कामं अशी: दोन अँड्रॉइड आणि एका आयफोनमधले फोटो आपोआप उतरवून घेणं (सध्या सगळे मिळून ९०० जीबी, वर्षाला साधारण १५० ची भर), टीव्हीवर साठवलेले सिनेमे दाखवायला जेलीफिन, जाहिराती अडवायला पाय-होल आणि बाहेरून घरच्या फाइली उघडता येणं. व्हर्च्युअल मशीनची प्रयोगशाळा थाटायची नाही.

घर टू-बीएचके, इंटरनेट १०० एमबीपीएस. फायबरचा मोडेम मुख्य दरवाजाजवळ, चपलांच्या कपाटावर. टीव्ही हॉलच्या दुसऱ्या टोकाला. सर्व्हर आतल्या बेडरूममध्ये ठेवायचा, मोडेमपासून सरळ अंतर १२ मीटर. हाताशी आहे ते: १०० एमबीपीएस पोर्टचा जुना राउटर, २ टीबीची पोर्टेबल यूएसबी डिस्क आणि २०१६ चा लॅपटॉप, ४ जीबी रॅम, बॅटरी जेमतेम.

लॅपटॉपच वापरावा, रास्पबेरी पाय घ्यावा की ऑफिसातून निघालेला जुना पीसी? दोन डिस्कांचं रेड (दोन्हींवर एकच माहिती एकदम लिहिणं) लागेल का? वायर स्वतः ओढता येईल? आणि राउटरच्या पानावर वॅन आयपी (इंटरनेट कंपनीने दिलेला पत्ता) १०० ने सुरू होतो, पोर्ट फॉरवर्ड (बाहेरून येणारी विनंती सर्व्हरकडे वळवणं) करूनही बाहेरून काहीच उघडत नाही, ते का?

---

लूपबॅक

लॅपटॉप नको. बॅटरी जेमतेम आहे म्हणताय आणि ती चोवीस तास चार्जरवर राहणार, म्हणजे फुगायची वाट बघण्यासारखं आहे. बॅटरी काढून चालवता येतो, पण काही मॉडेलं बॅटरीशिवाय प्रोसेसरचा वेग पाडून ठेवतात. त्यात ४ जीबी रॅममध्ये फोटोंचं सॉफ्टवेअर नीट बसणारच नाही.

पायचं गणित बोर्डाच्या किमतीवर करू नका. पाय ५ ला ५ व्होल्ट ५ अँपिअरचा अडॅप्टर लागतो. ३ अँपिअरचा लावलात तर तो सगळ्या यूएसबी पोर्टना मिळून ६०० मिलिअँपिअरच देतो आणि पोर्टेबल डिस्क मध्येच गायब होते. अडॅप्टर, केस, पंखा, एसएसडीची जोडणी हे सगळं धरलं की जुन्या पीसीची किंमत गाठली. वर त्यात व्हिडिओ एन्कोड करायला हार्डवेअर नाही, म्हणजे जेलीफिनने फाइल बदलून पाठवायची ठरवली की चारही कोअर घामाघूम.

तुम्हाला हवा तो ऑफिसातून निघालेला, इंटेलच्या सातव्या पिढीच्या आय-५ प्रोसेसरचा पीसी. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ च्या यादीत इंटेलची सातवी पिढी, एखाद-दुसरा अपवाद सोडला, तर नाही. म्हणून कंपन्या ही मशिनं काढून टाकतात. आपल्याला लिनक्स टाकायचं, आपलं काय बिघडतं? आठव्या पिढीला विंडोज ११ चालतं, म्हणून ती उगाच महाग. सहावी स्वस्त मिळेल, पण तिथे हात आखडू नका: सहावीचं क्विक सिंक, म्हणजे चिपमधला व्हिडिओचा भाग, एचईव्हीसी प्रकारचे ८ बिटांचेच व्हिडिओ हाताळतं, १० बिटांचे सातवीपासून सुरू होतात.

आता आकार. सगळे डेल मायक्रो, लेनोवो टायनी सुचवतील. दिसायला गोंडस, पण आत ३.५ इंची डिस्क मावत नाही आणि मग लोक यूएसबीला डिस्क लटकवतात. तुम्ही एसएफएफ घ्या, म्हणजे आडव्या पेटीएवढं मॉडेल. आत ३.५ इंची डिस्क बसते, काहींत एक, काहींत दोन. विकणाऱ्याकडून झाकण काढलेला फोटो मागवा आणि डिस्कचं घर, सॅटा पॉवरची वायर, एसएसडीसाठी एम-डॉट-२ चा खाचा तिन्ही आहेत ना बघा. "टी" अक्षराच्या प्रोसेसरमागे धावू नका. तो जोर लावतानाची वीज कमी खातो, नुसतं बसून असताना दोघांत फारसा फरक नसतो.

दुकानात (स्टेशनजवळचं असो की लॅमिंग्टन रोडचं) पैसे देण्याआधी बायोसमध्ये (मशीन चालू होतानाच्या सेटिंगच्या पानावर) जाऊन या. पासवर्ड मागितला तर मशीन तिथेच सोडा. मग पेन ड्राइव्हवरून लिनक्स चालू करून मेमटेस्टची (रॅमच्या तपासणीची) एक फेरी आणि डिस्कचं स्मार्ट (डिस्कने ठेवलेली स्वतःच्या तब्येतीची नोंद) बघा: ५, १९७ आणि १९८ या तीन ओळींत शून्याशिवाय काही दिसलं तर डिस्क नको. १९९ वाढलेला असेल तर बहुतेक वेळा सॅटाची वायर खराब असते, डिस्क नव्हे.

पैशांची वाटणी: मशीन १०, डिस्क १०, उरलेल्या ५ मध्ये स्विच, वायर आणि यूपीएस. ८ जीबी रॅमवर सुरू करा, दुसरा खाचा रिकामा ठेवून.

---

तांब्याची तार | नेरूळ

वायरिंगचं मी सांगतो. स्वतः होतं, अवघड काही नाही.

१२ मीटर सरळ अंतर म्हणजे वायर १८ ते २० मीटर. वर चढते, कोपरे घेते, खाली उतरते, दोन्ही टोकांना अर्धा-अर्धा मीटर शिल्लक ठेवावी लागते. ३०५ मीटरचं खोकं घेऊ नका, सुटी मिळते. फक्त कॅट-६ एवढं छापलेलं पुरत नाही. बाजारात सीसीए नावाची वायर फिरते, आत ॲल्युमिनियम आणि वरून तांब्याचा मुलामा. दुकानातच एक तार सोलून ब्लेडने खरवडा. आत चंदेरी दिसली की परत द्या. ॲल्युमिनियम दोनदा वाकवलं की तुटतं आणि पंच केलेल्या जागी सैल पडतं. सुरुवातीला सगळं चालतं, सहा महिन्यांनी लिंक ये-जा करायला लागते आणि माणूस राउटरला शिव्या देत बसतो.

बिल्डरने टीव्हीचा पाइप टाकलेला असेल तर उत्तमच. आतली जुनी डिश-केबल हीच तुमची ओढायची दोरी. तिच्या टोकाला नवी वायर जोडताना आठही तारा एकाच जागी गाठोडं करून बांधू नका, तो गठ्ठा कोपऱ्यात अडकतो. दोन-दोन तारा थोड्या मागे-पुढे ठेवून चिकटपट्टी गुंडाळा, म्हणजे टोक निमुळतं होतं. पाइपात थोडी टाल्कम पावडर. एकजण ओढतो तेव्हा दुसऱ्याने दुसरीकडून वायर आत ढकलायची. जोर लावून खेचलीत तर आतल्या जोड्यांचा पीळ सुटतो, आणि कॅट-६ चा सगळा जीव त्या पिळात आहे. विजेच्या पाइपात मात्र ही वायर अजिबात घालू नका. पाइप नसेल तर स्कर्टिंगवरून केसिंग पट्टी.

भिंतीतल्या वायरीच्या टोकाला थेट प्लग क्रिंप करू नका. दोन्हीकडे कीस्टोन जॅक (तारा आत दाबून, म्हणजे पंच करून, बसवायचं सॉकेट) आणि पुढे तयार पॅच कॉर्ड. भिंतीतली तार भरीव असते, सारखी हलवली तर प्लगच्या तोंडाशी तुटते. रंगांचा क्रम ५६८-बी: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. जॅकवर छापलेला बी चा रंगक्रम बघून लावलंत की झालं. पीळ जॅकपासून १२-१३ मिलिमीटरच्या आतच उलगडा.

यातली सगळ्यात जास्त दिसणारी चूक: लिंक लागते, दिवा पेटतो, पण वेग १०० वर अडकतो. १०० एमबीपीएसला १, २, ३ आणि ६ या चारच तारा लागतात, गिगाबिटला आठही. म्हणजे निळ्या किंवा तपकिरी जोडीतली एखादी तार बसलेली नसते. आयपर्फ (नेटवर्कचा वेग मोजणारं सॉफ्टवेअर) चालवून बघा: ९४० च्या आसपास आलं तर ठीक, ९४ आलं तर जॅक पुन्हा पंच करा.

तुमचा १०० चा राउटर वाटतो तेवढा आड येत नाही. पाच पोर्टांचा साधा गिगाबिट स्विच मोडेमजवळ ठेवा आणि टीव्ही व सर्व्हर दोन्ही त्याच्यावर घ्या. एकाच सबनेटमधली (घरच्या एकाच नेटवर्कमधली) रहदारी स्विचवरच वळते, राउटरपर्यंत जातच नाही. तुमचं इंटरनेटही १०० चंच. मार खातील ते फक्त वायफायवरचे फोन, आणि फोटो रात्री चढणार असतील तर त्याचंही काही नाही. नवा राउटर पुढच्या वर्षीच्या बजेटात. एक मात्र बघा: बहुतेक स्मार्ट टीव्हींचा स्वतःचा लॅन पोर्ट १०० चाच असतो. तिथे स्विचवरचा दिवा १०० दाखवतोय म्हणून जॅक उकरत बसू नका.

---

बारावा मजला

एसएफएफ पटलं. पण वीज? चोवीस तासांचं बिल घरी समजावून सांगावं लागेल. आणि १०० वाल्या आयपीचं राहिलं.

---

खाडीकाठ | ऐरोली

विजेचा हिशेब सोपा आहे. एसएफएफ रिकामा बसलेला असताना १५ वॅटच्या आसपास, डिस्क ५, मोडेम, राउटर आणि स्विच मिळून २०. एकूण ४० वॅट, म्हणजे दिवसाला जवळपास एक युनिट, महिन्याला २९. महावितरणचे घरगुती टप्पे १०० आणि ३०० युनिटला बदलतात. जास्तीचे २९ युनिट तुमच्या सर्वात वरच्या टप्प्याच्या दराने मोजा, सरासरी दराने नाही. उन्हाळ्यात एसीमुळे तुम्ही २८० ला असाल तर यातले ९ युनिट पुढच्या महाग टप्प्यात जातात. अर्थात मोडेम आणि राउटर आत्ताही चालूच आहेत, त्यामुळे घरी सांगताना खरी वाढ सर्व्हर, डिस्क आणि स्विचचीच धरा.

यूपीएसवर काटकसर करू नका. आमच्या ऐरोली-महापे पट्ट्यात डेटा सेंटरं उभी आहेत, त्यांच्या जनरेटरच्या रांगा बाहेरून दिसतात, आणि शेजारच्या सोसायटीत पहिल्या पावसाला दिवे जातात. ६०० व्हीएच्या साध्या यूपीएसमध्ये १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासांची एक बॅटरी असते, म्हणजे कागदावर ८४ वॅट-तास. इन्व्हर्टरची गळती वजा जाता ४० वॅटवर नव्या बॅटरीचे पाऊण तास धरा, दोन वर्षांनी निम्मे.

पण वेळेपेक्षा महत्त्वाचं हे की वीज गेली आहे हे सर्व्हरला कळलं पाहिजे. स्वस्त यूपीएसला डेटाचा यूएसबी पोर्ट नसतो, मग बॅटरी संपली की मशीन धाडकन बंद. घेताना मागची बाजू बघून घ्या. पोर्ट असेल तर नट नावाचं सॉफ्टवेअर बॅटरी उतरली की मशीन शिस्तीत बंद करतं. पोर्ट नसेल तर यावर उपाय आहे: नेटवर्कवरची एखादी वस्तू, वायफाय स्मार्ट प्लगसारखी, मुद्दाम यूपीएसबाहेरच्या पॉइंटवर लावा. सर्व्हर दर मिनिटाला तिला पिंग करेल. सलग दहा वेळा उत्तर नाही आणि त्याच वेळी राउटर मात्र उत्तर देतोय, म्हणजे वीज गेली: शटडाउन. राउटरची अट विसरलात तर नुसता राउटर अडकला किंवा वायर निघाली तरी मशीन झोपेल.

वीज परत आल्यावर मशीन आपोआप उठावं म्हणून बायोसमध्ये एसी रिकव्हरी "पॉवर ऑन" करा. इथे जुन्या मशिनांची एक खोड आहे. बोर्डावरची सीआर-२०३२ नाण्याची बॅटरी मेलेली असते. वीज गेली की घड्याळ मागे जातं आणि मशीन उठून "तारीख चुकली, एफ-१ दाबा" म्हणत काळ्या पडद्यावर थांबतं. तुम्ही गावी असाल तर एफ-१ कोण दाबणार? शिवाय घड्याळ चुकलं की एचटीटीपीएसची प्रमाणपत्रंही नाकारली जातात. मशीन घरी आलं की पहिल्याच दिवशी ती बॅटरी बदला, किरकोळ पैशांचं काम.

जागेबद्दल: चपलांच्या बंद कपाटात काहीच ठेवू नका, ना स्विच ना मोडेम. खाडीची दमट हवा, वर ओल्या छत्र्या. पावसाळ्यात जॅकचे पत्रे हिरवे पडतात. सर्व्हर जमिनीपासून फूटभर वर, मागे चार बोटं मोकळी. डिस्क ४५ अंशांच्या खाली राहिली की पुरे.

---

अर्ध्या रात्रीचा रूट

आयपीचं आधी. १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचा पत्ता म्हणजे सीजीनॅट. कंपनीने अनेक ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता दिला आहे, त्यामुळे तुमच्या राउटरवरचं पोर्ट फॉरवर्ड तुमच्याच उंबऱ्यापर्यंत पोचतं, पलीकडचं दार कंपनीकडे. पैसे भरून स्टॅटिक आयपी मिळतो, पण तुमच्या कामाला टेलस्केल (आपलीच उपकरणं आपसांत जोडणारं खासगी जाळं) पुरे. सर्व्हरवर आणि तिन्ही फोनवर टाका, राउटरला हात लावायची गरज नाही. त्याचे पत्तेही १०० नेच सुरू होतात, ते पाहून दचकू नका. बाहेरून हळू चाललं तर स्टेटस बघा: "डायरेक्ट" असेल तर तुमच्या लाइनचा वेग, "रिले" असेल तर रहदारी मधल्या सर्व्हरवरून फिरून येते आहे. आणि सर्व्हरची की एक्स्पायरी (ओळखीच्या किल्लीची मुदत) बंद करा. मुळात ती १८० दिवसांची असते, म्हणजे बरोबर सहा महिन्यांनी, सगळं विसरल्यावर, सर्व्हर बाहेरून नाहीसा होतो.

सबनेट १९२.१६८.१ ठेवू नका. ऑफिसात किंवा हॉटेलात तोच असला तर घरचा पत्ता टाकल्यावर तिथलाच प्रिंटर उघडेल. तिसरा आकडा १ ऐवजी ३७, ८३, काहीही घ्या. सर्व्हरचा पत्ता डीएचसीपी रिझर्व्हेशनने (राउटरने दर वेळी तोच पत्ता देण्याच्या सोयीने) पक्का करा.

डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) आणि डॉकर (प्रत्येक सॉफ्टवेअर वेगळ्या डब्यात चालवणारं), बास. ठेचा जिथे लागतात त्या जागा:

पाय-होलला ५३ नंबरचा पोर्ट लागतो. डेबियनऐवजी उबुंटू टाकलंत तर तिथे त्याचा स्वतःचा प्रोग्राम, सिस्टमडी-रिझॉल्व्हड, आधीच बसलेला असतो, त्याचा स्टब लिसनर बंद करावा लागतो. राउटरमध्ये दुसरा डीएनएस (साइटच्या नावावरून पत्ता सांगणारा) म्हणून गूगलचा ८.८.८.८ भरू नका. फोन दोन्हींना विचारतात आणि जाहिराती अर्ध्या येतात, अर्ध्या नाही.

डॉकरने उघडलेला पोर्ट यूएफडब्ल्यूला (लिनक्सच्या फायरवॉलला) जुमानत नाही. तो आयपीटेबल्समध्ये स्वतःचे नियम लिहितो, त्यामुळे यूएफडब्ल्यू "बंद" म्हणत असताना पोर्ट उघडा असतो. सीजीनॅटमागे आहात म्हणून आयपीव्ही-४ वर निभावतं, आयपीव्ही-६ वर निभावेलच असं नाही.

सगळ्यात वाईट हे: मोठी डिस्क एखाद्या दिवशी माउंट झालीच नाही (तिच्या फोल्डरला जोडली गेली नाही), तर डॉकर त्याच नावाच्या रिकाम्या फोल्डरमध्ये, म्हणजे एसएसडीवर, फोटो ओतत राहतो. एसएसडी भरते, डेटाबेस कोसळतो, आणि डिस्क परत लागली की मधल्या दिवसांचे फोटो "गायब". ते गेलेले नसतात, माउंटखाली झाकलेले असतात. उपाय: डिस्क एफएसटॅबमध्ये (माउंट करायच्या डिस्कांच्या यादीत) यूयूआयडीने (तिच्या ओळखक्रमांकाने) लिहा, आणि डिस्क काढलेली असतानाच रिकाम्या फोल्डरला रूटने चॅटर प्लस-आय (chattr +i) लावून कुलूप घाला. मग डिस्क नसेल तर लिहिणं सरळ फसतं आणि तुम्हाला लगेच कळतं.

फोनमधले फोटो उतरवून सांभाळायला इमिच हे सॉफ्टवेअर. त्याचा पोस्टग्रेस डेटाबेस एसएसडीवर, मूळ फोटो मोठ्या डिस्कवर. चेहरे ओळखायचं पहिलं काम तुमच्या संग्रहाला काही दिवस घेईल. ८ जीबी रॅम आहे, तेव्हा एकाच वेळी चालणाऱ्या कामांचा आकडा १ वर आणा, नाहीतर मशीन गुदमरेल. गूगल फोटोज रिकामं करत असाल तर टेकआउटमध्ये (गूगलकडून उतरवलेल्या प्रतीत) तारखा वेगळ्या जेसन फाइलींत येतात. नुसते फोटो ओढून टाकलेत तर लग्नाचे फोटो डाउनलोडच्या तारखेला जाऊन बसतील. त्यासाठी इमिच-गो वापरा.

---

लूपबॅक

रेडचं राहून गेलं. नको. रेड १ तुम्हाला डिस्क मेल्यावर काम चालू ठेवायला मदत करतं. चुकून पुसलेला अल्बम ते दोन्ही डिस्कांवरून तितक्याच इमानाने पुसतं. तुमच्याकडे एक डिस्क बंद पडून चार दिवस थांबायची सोय आहे, फोटो हरवायची नाही. म्हणून ४ टीबीची एक चांगली डिस्क आत आणि तुमची २ टीबीची पोर्टेबल बॅकअपला. तिच्यावर रेस्टिक या बॅकअपच्या सॉफ्टवेअरने रात्री दोनला बॅकअप: मूळ फोटो आणि डेटाबेसचा डंप, दोन्ही. नुसते फोटो उचललेत तर अल्बम आणि चेहऱ्यांची नावं गेली. नुसता डंप उचललात तर यादी आहे, फोटो नाहीत. सिनेमांना बॅकअप कशाला? ते पुन्हा मिळतात.

डिस्क सीएमआर (ट्रॅक एकमेकांवर न चढवलेली) बघून घ्या. डब्ल्यूडी घेतलीत तर रेड प्लस, नुसतं रेड नाही. २०२० मध्ये २ ते ६ टीबीच्या साध्या रेड एसएमआर निघाल्या होत्या. सीगेट घेतलीत तर आयर्नवुल्फ. एसएमआरमध्ये ट्रॅक कौलांसारखे एकावर एक चढवलेले असतात, एक बदलायचा तर शेजारचेही पुन्हा लिहावे लागतात. सलग लिहिताना ती ठीक, सतत थोडं थोडं लिहायला लागलं की रांगते. पोर्टेबल डिस्क बहुधा तशीच असेल, पण बॅकअपला चालते.

नवी डिस्क आली की फोटो टाकायच्या आधी स्मार्टची लांब चाचणी लावा, ४ टीबीला सात-आठ तास लागतात. आणि सॅटा पॉवर कमी पडली म्हणून चार पिनांच्या मोलेक्सवरून सॅटा करणारा, साच्यात ओतलेला स्वस्त कनेक्टर लावू नका. आत तारा एकमेकींना टेकून वितळतात.

---

खाडीकाठ

एक दुरुस्ती, लूपबॅकशी थोडी असहमती. पोर्टेबल डिस्क कायम सर्व्हरलाच लावून ठेवली तर विजेचा एकच झटका दोघींना घेऊन जाईल. महिन्यातून एक प्रत घराबाहेर हवी. त्यासाठी दुसरी डिस्क आत्ता घेऊ नका, बजेट नाही. पहिले काही महिने हीच डिस्क रविवारी लावा, बॅकअप झाला की काढून ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये. रेस्टिक मुळातच एन्क्रिप्ट करतं, तेव्हा कुणाच्या हाती पडली तरी फोटो उघडत नाहीत. फक्त त्याचा पासवर्ड सर्व्हरवरच ठेवू नका. कागदावर लिहून घरच्या कागदपत्रांच्या फायलीत ठेवा.

---

लूपबॅक

रविवारचं मान्य. पण हाताने करायचं काम तिसऱ्या रविवारी राहून जातं, तेव्हा फोनवर गजर लावा. आणि दर दोन महिन्यांनी एक फोल्डर लॅपटॉपवर परत उतरवून, फोटो उघडून बघा. तुमचा २०१६ चा लॅपटॉप त्याच कामाला ठेवा.

---

बारावा मजला

तर यादी अशी झाली: सातव्या पिढीचा एसएफएफ ८ जीबी, ४ टीबी सीएमआर, पाच पोर्टांचा गिगाबिट स्विच, २० मीटर तांब्याची कॅट-६, ६०० व्हीए यूपीएस, एक सीआर-२०३२. जॅक किती घेऊ? स्विच मोडेमपाशी आहे, तिथून एक वायर बेडरूमला, एक टीव्हीला.

---

तांब्याची तार

मग २० मीटरमध्ये भागणार नाही, टीव्हीची वायर वेगळी मोजा. जॅक चार, पण सहा घ्या. पहिला एक तरी उलटा पंच होतोच. पंच टूल इलेक्ट्रिशियनकडून तासाभरासाठी मागून घ्या. आणि पाइप मोकळा असेल तर बेडरूमकडे एकाच ओढीत दोन वायरी घाला. दुसरी आत्ता जोडू नका, टोकाला चिकटपट्टी लावून डब्यात गुंडाळून ठेवा.